शेजारचे जोड

अगं,

पहाटे कुठे तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. तुझ्या भावाबरोबर दवाखान्यात पुढे जातोय. माझं ऑपरेशन अकराला आहे, तू दहापर्यंत ये.

काल तू म्हणालीस, कॅन्सरची किडनी आणि तिची नळी काढतायत तेवढं पुरे, शेजारच्या लिम्फच्या गाठी कशाला कापायच्या. तेव्हा सांगितलं नाही, पण त्या गाठी काढायच्या संमतीवरही मी सही करून आलो होतो. तुला न विचारता केली, हे चुकलंच. पण इतकी वर्षं प्लंबिंग केलंय. सडलेला पाइप बदलला आणि शेजारचे जोड तपासलेच नाहीत, की गिऱ्हाईक महिन्याभरात पुन्हा दारात. त्या गाठींत रोग शिरलाय का, ते काढून तपासल्यावरच नीट कळेल.

ओट्याजवळचा नळ अजून गळतोय, फडकं बांधलंय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

ता. क. जिना उतरून परत आलो. आपण परगावी जाताना करतो तसा सवयीने पाण्याचा मेन कॉक बंद केला होता, तो उघडलाय. तुला घरात ठेवून मी एकटा कधी मुक्कामाला गेलोच नव्हतो गं.