पानिपतला जाण्याचं वैयक्तिक कारण

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार

तीर्थस्वरूप अण्णांना दत्तात्रयचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत. तुमची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न या वेळी रिवाज म्हणून विचारलेला नाही. खोकला, गुडघे, छातीत जडपणा, काहीही असलं तरी सविस्तर कळवावं, संकोच करू नये. (तुम्ही रोज पहाटे विश्रामबागेतून गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाता, हे नीला इथे सगळ्यांना अभिमानाने सांगते. थंडीत एवढं चालणं बरं नव्हे, असं मला अलीकडे फार वाटू लागलं आहे.) फोन न करता स्पीड पोस्टने पत्र पाठवतो आहे, कारण आमच्या क्वार्टरच्या भिंतींतून फोन आरपार ऐकू जातो. शिवाय फोनवर तुम्ही ‘मुद्द्यावर या’ म्हणता, आणि मला तिथे पोचायला वेळ लागतो.

वर्तमानपत्रातलं तुमचं पत्र वाचलं. सरकारी नोकरांच्या संघटनांना आवर घालावा, ज्याला काही म्हणायचं असेल त्याने साहेबापुढे एकट्याने जाऊन म्हणावं, घोळका कशाला, हा मुद्दा चोख मांडला आहे. कात्रण मी ऑफिसात नेलं होतं (दाखवलं कोणालाच नाही). योगायोग असा, की आमच्याकडेही त्याच धर्तीचा मसुदा फिरतो आहे. संघटनेने यापुढे पिण्याचं पाणी, कँटीन आणि पंखे एवढ्यावरच बोलायचं. बदल्या आणि कामाचे तास यांवर अवाक्षर काढायचं नाही. आमच्या संघटनेचे अध्यक्ष नरसिंहजी रोहतकचे. आवाज असा, की लिफ्टमध्ये बोलले तर सगळ्या मजल्यांना कळतं. ते भडकले आहेत. ‘पंखे की बात हम करेंगे, और पंखे के नीचे वाला आदमी कहाँ भेज दिया, ये कौन पूछेगा?’ असं त्यांनी मलाच विचारलं. मी ‘अच्छा’ म्हणालो. मी त्यांना वर्गणी देतो आणि सभेला जात नाही. दोन्ही बाजूंना खूश ठेवण्याची ही पद्धत आजवर उत्तम चालली होती.

आता मुद्दा, म्हणजे त्याच्या जवळपास. दर संक्रांतीला आमच्या सेक्शनमधले आम्ही सात मराठी लोक पानिपतला काला अंबला जातो, स्मारकापुढे हात जोडतो, तिळगूळ वाटतो आणि परतीच्या वाटेवर खेस आणि चादरी विकत घेतो. पूर्वी अर्जात ‘पानिपतला जाणे’ असं सरळ लिहीत असू. पण मागच्या साहेबांनी एकदा हसून विचारलं होतं, ‘हारने की सालगिरह मनाने जाते हो?’ ते सगळ्यांना इतकं लागलं, की यंदा मी अर्जाचा नवा नमुना केला: ‘वैयक्तिक कारणास्तव एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.’ त्याच्या प्रती काढल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि गठ्ठा मीच नेऊन ठेवला. सेक्शनमध्ये उरले दोघे, त्यातल्या एकाला कांजिण्या. आणि हे नेमकं त्या आठवड्यात, ज्या आठवड्यात नरसिंहजींनी ‘काम बंद’ची आरोळी दिलेली.

सगळ्यांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली की तो संप धरतात, हे मला ठाऊक होतं. तो नियम टाइप केलेला मीच, पण आपण टाइप केलेलं आपल्याला लागू होतं असं कधी वाटत नाही. आमच्या वरिष्ठ देविका मॅडम रागीट नाहीत, हीच अडचण. ‘दत्ताजी, आपसे ये उम्मीद नहीं थी. मुझे भी ऊपर जवाब देना है,’ एवढंच म्हणाल्या आणि शुक्रवारी एकेकाला आत बोलावलं. कारण काय, कागद कोणी फिरवला, गाडी कोणी ठरवली. (गाडी नरसिंहजींच्या मेहुण्याची. दरवर्षी असते. पण हे खरं सांगितलं तर कट सिद्धच होतो.) बदलीचा शब्द कोणी काढला नाही, पण टेबलावर बदल्यांची फाईल होती. वैभवीची बारावीची परीक्षा महिन्याभरावर आली आहे. मला आता दूर कुठे टाकलं तर ती आणि नीला काय करणार? नव्या मसुद्याप्रमाणे तर विचारायलाही कोणी उरणार नाही. पंखा मात्र दुरुस्त होईल.

तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही सातही जण साहेबापुढे एकेकटे गेलो आणि ज्याचं त्याने स्वतः मांडलं. एकाने दाढ काढायची आहे असं मांडलं. एकाने घरी सत्यनारायण मांडला. इंद्रजितने गॅसच्या पाइपवाल्याची वाट पाहायची आहे असं मांडलं, आणि जयेशने तर सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. पानिपत कोणाच्याच तोंडून निघालं नाही. बाहेर येऊन सगळे माझी नजर चुकवत चहा प्यायला गेले. उद्या, सोमवारी, हे सगळं लेखी द्यायचं आहे. दोन दिवस मला जेवण जात नाही. नीला म्हणते चेहरा उतरलाय, मी म्हणतो थंडी.

वडीलधाऱ्यांचा हात डोक्यावर असावा, एवढीच इच्छा.

आपला आज्ञाधारक जावई,
दत्तात्रय

ता. क. माझा नंबर शेवटचा होता आणि कारणं संपत आली होती. मी सांगितलं, सांगलीला सासरे अत्यवस्थ आहेत. मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यांचे बॅचमेट सांगलीतच आहेत. ते येत्या गुरुवारी चांगला डॉक्टर घेऊन जातीने तुमच्याकडे येणार आहेत. तरी कृपा करून त्या दिवशी अंथरुणात असावं. हे पत्र मिळाल्यापासून दाढी करू नये. आणि वर्तमानपत्राला पत्र तर मुळीच पाठवू नये.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी नीलाच्या हाती लागलं. आज दुपारी आमच्याकडे सगळ्यांच्या बायका पानिपतसाठी तिळगूळ वळायला आल्या होत्या. जयेशच्या सासऱ्यांचं श्राद्ध तिथेच निघालं. ते सासरे परवाच दिल्लीला आलेत आणि आमच्याच दिवाणावर बसून चिक्कीचा पाक चाखत होते. बायकांनी सहाही नवऱ्यांना फोन करून बोलावून घेतलं. नीला म्हणाली, एकेकटे गेलात की सातही जण खोटं बोलता, उद्या एकत्र जा आणि काला अंब म्हणा. मग इंद्रजित म्हणाला, ‘यार, चलो.’ उद्या दहाला सातही जण जातो आहोत. मॅडमची केबिन लहान आहे, चौघे दारात राहतील. नरसिंहजींना कळवलं, तर म्हणाले, मी आत येणार नाही, माझा आवाज तुमचं काम बिघडवेल, बाहेर गाडीजवळ थांबतो.

ता. क. ३. तुम्ही आता आजारी पडण्याची गरज नाही, असं नीला ठामपणे म्हणते. पण अण्णा, ती केबिनमध्ये येणार नाहीये. गुरुवारपर्यंत फिरायला जाऊ नका, आणि बेल वाजली तर निदान खोकत दार उघडा.