माझ्या लेकीला मारायचं नाही

आई, तुझ्यासाठी एक निरोप आहे. पण तो शेवटी सांगते, कारण मधलं काही माहीत नसेल तर तुला कळायचं नाही. तू गेलीस तेव्हा मी तिसरीत होते. आता मी कंपनीत जाते, चाकणला. निगडीहून कंपनीची बस असते. आमच्याकडे गाड्यांच्या आतल्या वायरी लागतात ना, त्यांचे जुडगे बनतात. मोठ्या फळीवर वायरी मांडायच्या, टोकं प्लास्टिकच्या खोक्यात ज्याच्या त्याच्या भोकात बसवायची, वरून टेप गुंडाळायची. शेवटी टेस्टिंगचं टेबल. सगळं बरोबर असेल तर हिरवा दिवा. एक जरी वायर चुकली तर लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो, आणि आख्खी लाइन मान वळवून बघते. शाळा मी नववीत सोडली. नापास झाले म्हणून नाही. सर फळ्याजवळ बोलवायचे आणि माझे हात असे थरथरायचे की खडू पडायचा. खाली बसलं की मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्यायचे, मठ्ठ, येडी, मर तू. तास संपायचा, पुस्तकाचं पान तेच असायचं. पप्पा नुसतं म्हणाले, बघ बाई, तुला जमेल ते कर.

तुझं काम मला नीट आठवतं. आपल्या खोलीत रबराची गोणी यायची, साच्यातून काढलेली गोल गोल बुचं, कडेला जास्तीचं रबर लोंबलेलं. ते छोट्या कात्रीने कापायचं. तुझी बोटं कायम काळी, पीठ मळायच्या आधी घासून घासून धुवायचीस तरी नखात राहायचंच. आणि तू बोलत असायचीस. स्वतःशीच. "थांब माय, घाई काय हाय. पाणी पी अगुदर. हां, ह्यो बग, ह्यो जमला." शेजारच्या काकू दारातून डोकवायच्या, "कोण आलंय गं वहिनी?" तू म्हणायचीस, "कुनी न्हाई, मीच हाय." काकू हसत जायच्या. चाळीत सगळ्यांना माहीत होतं, ही बाई एकटीच बोलते. तुला त्याचं काही नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच बोलतात.

एकदा मी तुझ्याशेजारी बसून कापत होते. मला तू वेगळी कात्री दिली होतीस, निळ्या मुठीची, ती अजून आहे. मी एक बूच आतपर्यंत कापलं. वाया गेलं. मी लगेच आपल्याच गालावर फाडकन मारली. कुणीतरी करताना बघितलं असेल, शाळेत वगैरे. तू माझं मनगट धरलंस. इतकं घट्ट की मला वाटलं आता तूच मारतेस. "कुनाला मारायलीस?" मी म्हटलं, "मला." "तू माझी लेक हैस का न्हाई? मग माझ्या लेकीला मारायचं न्हाई. कुनीच न्हाई. तू बी न्हाई." तू खरंच चिडली होतीस. मग हात सोडलास, ते बूच बाजूला टाकलंस आणि म्हणालीस, गेलं ते. आता म्होरलं बघून काप.

हे सगळं मी विसरले होते असं नाही, पण त्याचा काही उपयोग असतो असं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या लाइनला नवी मुलगी आली. बीडकडची, माझ्याच वयाची. चाकणला चारचौघींबरोबर खोली घेऊन राहते. हाताला चलाख आहे, पण एकदा लाल दिवा लागला की संपलं. पुढचा पण चुकायचा, त्याच्या पुढचा पण. सुपरवायझर ओरडायचा नाही फार, नुसता म्हणायचा, "मॅडम, आज दिवाळी आहे का? सारखा दिवा." सगळे हसायचे, ती पण हसायची. जेवणाच्या सुट्टीत तिने मला सांगितलं की रविवारी गावाला जाते ती परत येत नाही. मी विचारलं, तिकडे काय करणार? म्हणाली, "काय करनार? भाऊ म्हनतोच हाय, नाही जमलं तर ये, पोरगा बघितलाय." आणि डबा बंद केला. अर्धा तसाच होता.

त्याच आठवड्यात कंपनीने एक मॅडम बोलावल्या. आम्हा लाइनच्या मुलींना कॅन्टीनमध्ये बसवलं. मॅडम चांगल्या होत्या, साध्या. म्हणाल्या डोळे मिटा, पाय जमिनीला टेकलेत ते बघा, श्वास येतोय जातोय ते नुसतं बघा, काही करू नका. मागे भांडी घासायचा आवाज, फोडणीचा वास, एकीला हसू फुटलं की सगळ्यांना. मग त्यांनी विचारलं, मैत्रिणीची चूक झाली तर तिला काय म्हणता? सगळ्या म्हणाल्या, होतं गं, जाऊ दे. आणि तुमची स्वतःची झाली तर? मागून एक म्हणाली, "सुपरवायझर म्हणतो ते." मॅडम पण हसल्या. म्हणाल्या, मैत्रिणीला बोलता तसं एकदा स्वतःला बोलून बघा. माझ्याकडे बघून विचारलं, तू काय म्हणशील? मला तू आठवलीस, कात्री, गोणी, सगळं. पण मी हात टेबलाखाली घेतले. ती बीडची मुलगी माझ्या बाजूला होती, हळूच म्हणाली, "मला तर असलं काही येतच नाही."

दुसऱ्या दिवशी तिचा लाल दिवा लागला आणि ती सरळ बाथरूमकडे गेली. मी टेप आणायला म्हणून मागे गेले. ती बेसिनपाशी उभी राहून मुठीने कपाळावर मारत होती. जोरात नाही, पण सारखं, भिंतीत खिळा ठोकावा तसं. मी परत फिरणार होते, खरं सांगते. मला कुणाच्या मध्ये पडता येत नाही. पण मी तिचं मनगट धरलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "कुनाला मारायलीस?" मी असं बोलत नाही, आई. मी इकडचंच बोलते. ती मारायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तू आमच्याकडची हैस?" मी म्हटलं, आई तिकडची. मग तिला सगळं सांगितलं, लेकीला मारायचं नाही ते, बूच, गेलं ते. एवढं मी कंपनीत कुणाशी बोलले नव्हते. ती कपाळ धुवत म्हणाली, "काकू भारी हैत." काकू म्हणजे तू. आम्ही आत आलो. तिने चुकलेली वायर काढली. मी बाजूला उभी राहून तुझ्यासारखं पुटपुटले, थांब माय, काळी झाली, आता पिवळी. ती पण पुटपुटायला लागली. सुपरवायझर म्हणाला, "काय भजन चाललंय का दोघींचं?" ती म्हणाली, "व्हय सर, पिवळ्या वायरीचं." हिरवा लागला. नंतर परत एकदा लाल पण लागला. तिचा हात वर गेला, केसापर्यंत, तिथे थांबला, मग खाली आला.

सोमवारी ती परत येते का ते बघत, ती चालत येताना दिसेपर्यंत मी गेटवरच घुटमळत होते. युनिफॉर्म ओला होता. म्हणाली, रविवारी धुवायला उशीर झाला, वाळलाच नाही.

तेव्हापासून ती रोज विचारते, काकू काय म्हणल्या? मी सांगते. तुझं जेवढं आठवत होतं ते पहिल्या काही दिवसांतच संपलं. मग मी बनवायला लागले. काल मी म्हटलं, आई म्हणते, हात थरथरला तर थरथरू द्यायचा, त्याला ओरडलं तर जास्त थरथरतो. हे तू कधी म्हणाली नव्हतीस.

आणि आता निरोप. तिने काल जाताना सांगितलं, काकूंना एक विचारशील का, स्वतःला शिव्याच नाही दिल्या तर आपण सुधारणार कशा, आळशी नाही का होणार? मी म्हटलं, विचारते. रविवार आहे, पप्पा बाहेर गेलेत, म्हणून लिहायला बसले. बराच वेळ तू काय म्हणाली असतीस ते आठवत होते. मग मला माझी नववी आठवली. दिवसभर शिव्या दिल्या मी स्वतःला आणि एक गणित सुधारलं नाही, कारण शिव्या देताना समोरचं काही दिसतच नव्हतं. हेच सांगेन तिला. तुझं म्हणून सांगेन.

तू नाहीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आणि तुझा आवाज मला आठवत नाही, आई. शब्द सगळे आठवतात, आवाज येतो तो माझाच.