अर्धवट नोंद

३ जून
आलो बुवा एकदाचा! नोंदणी कार्यालयात नोकरी, वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन. ही आणि छकुली आठवड्याभरात सामान घेऊन येतील. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र हसण्याचेही कष्ट घेतले नाहीत. असो.

५ जून
काम सोपं आहे. माणूस गाव बदलतो, तेव्हा तिथून त्याचं नाव काढायचं, इथे चढवायचं. दोन्ही एकाच दमात, आणि मग 'कायम' दाबायचं. मध्येच काही अडलं तर यंत्र सगळं पूर्वीसारखं करून ठेवतं. 'कायम' झालेलं मात्र वीज गेली तरी पुसलं जात नाही. बाईंनी हे असं ऐकवलं, जणू मी पहिलीत बसलोय. अर्धवट इथे चालत नाही, म्हणाल्या. बरं बाई!

८ जून
हिचं आणि छकुलीचं नाव आज मीच हलवायला घेतलं. यंत्र रेंगाळत होतं, माझं डोकं फिरलं. तिथून नावं काढली आणि तेवढंच 'कायम' करून टाकलं. चढवू जेवून आल्यावर, म्हटलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या.

जेवून आलो, नावं चढवली, तर यंत्र 'कायम' करू देईना. कुठेच नसलेली माणसं त्याच्या हिशेबात बसत नाहीत. नोंद तशीच उघडी ठेवली.

९ जून
हिचा फोन लागत नाही. तिथल्या घरमालकाला विचारलं तर खेकसला, ते घर वर्षभर रिकामंच आहे.

१० जून
आल्या! दोघी माझ्या टेबलापाशी उभ्या. जिवात जीव आला. बाईंशी ओळख करून द्यायला गेलो, तर त्यांनी विचारलं, कुणाशी बोलताय? मग खालच्या आवाजात म्हणाल्या, उघडी नोंद उघडणाऱ्यालाच दिसते. बंद केली की त्यातलं काहीच उरत नाही.

१२ जून
माझ्या उघड्या नोंदीमुळे सगळ्यांची कामं अडलीत. चहालाही कुणी विचारत नाही. साहेब डोळे वटारून गेले, उद्यापर्यंत बंद करा म्हणाले. छकुली विचारते, बाबा, हे लोक माझ्या अंगातून का चालत जातात?

१३ जून
खुर्ची सोडली नाही. दाराला कडी. उठलो की 'बंद' दाबतील—

१४ जून
दार फोडतायत. ही म्हणते, मला जाऊ द्या, निदान पोरीला ठेवा. अगं, अर्धं नाही होत, कसं सांगू तुला— कडी निघाली— बाई पुढे, हात बटणाकडे— छकुली, इकडे ये, डोळे मीट, बाबा इथेच—