तिकीट काढून

खातीपुरा, जयपूर
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रत्ना,

सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण ऐकतो कोण. पोळ्या वैशाली नगरच्या डब्यातून येतात, तुपानं निथळत असतात. इथे थंडी सुरू झाली. तुझी निळी शाल कपाटात वरच्या खणात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे.

फोन केला की प्रियंका उचलते. ‘बाबा, आई आंघोळीला गेलीय.’ गेल्या आठवड्यात चार वेळा केला, चारही वेळा तू आंघोळीला. नागपुरात पाणी मुबलक दिसतंय. ध्रुव मात्र बोलतो. आजी काय करतेय विचारलं तर म्हणाला, ‘इथेच बसलीय.’ नातवाला खोटं बोलायला शिकवलं नाहीस हे चांगलं केलंस. म्हणून हे पत्र.

वरच्या मजल्यावरची सोनम आधी रोज विचारायची, ‘अंकलजी, आंटीजी कब आएँगी?’ मी म्हणायचो, ‘अगले हफ्ते.’ आता ती विचारत नाही. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून एकट्यानं बसण्यात माझी चौतीस वर्षं गेली, त्याचं कधी काही वाटलं नाही. कारण परतलो की तू दार उघडायचीस. आता दाराला बाहेरून कुलूप मीच लावतो आणि मीच काढतो. फार एकटं वाटतं, रत्ना. लिहून टाकतो, समोर आलीस तर तोंडातून निघणार नाही.

तर मुद्द्याचं. सोळा तारखेला मी कन्याकुमारीला निघतोय. हो, तीच आपली कन्याकुमारी. किती ठरवलं होतं आपण! रिटायर झालो की रेल्वेचा फुकट पास काढायचा, दोघांनी समोरासमोरच्या खिडक्या धरायच्या, तू तिखट पुऱ्या आणि मिरचीचं लोणचं घेणार, मी प्रत्येक स्टेशनात गाडी किती लेट आहे ते सांगणार आणि तू म्हणणार, ‘आता तरी ड्यूटी सोडा वो!’ आता निघतोय तो एकटाच. पुऱ्या येत नाहीत, बिस्किटं घेतली आहेत. बॅग तीनदा भरली, दोनदा रिकामी केली. एकदा वाटतं जाऊच नये. मग वाटतं, इथे राहून तरी काय करायचं.

परवा स्टेशनवर रिझर्वेशनच्या रांगेत उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा. फॉर्म कसा भरतात तेही पुढच्या पोराला विचारावं लागलं. तिकिटाच्या खिडकीत नेमके ओळखीचे अरुणजी. मला बघून हसायला लागले. ‘गार्ड साहब, आप लाइन में? पास खतम हो गए क्या?’

मी म्हटलं, ‘पास है. टिकट चाहिए.’

मागचे दोघे-तिघेही हसले. हसू दिलं. एवढीच तर भीती होती मला, लोक हसतील.

आता ते लिहितो, जे टाळत इथवर आलो.

२०११ च्या जुलैत तुझ्या भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही. तू म्हणालीस, ‘मी आजच्या आज तिकीट काढून जाते.’ मी काय बोललो ते तुला पाठ आहे. गार्डाची बायको तिकीट काढून जाते का? लोक हसतील. पास निघू दे, मग जा. पास हातात यायला तीन दिवस लागले. तू पोचलीस तेव्हा आईंना नेलं होतं.

ऑफिसनं उशीर केला असं मी तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. उशीर ऑफिसनं केला नव्हता. पास दुसऱ्याच दिवशी सकाळी तयार होता. मी ड्यूटीवर होतो. बदली माणूस मागितला असता तर मिळाला असता. मागितला नाही, आणि पास तिथे टेबलावर पडून राहिला. हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

आणि या जुलैत आईंच्या स्मृतिदिनाला तू नागपूरला जायचं म्हणालीस, तेव्हा माझ्या तोंडातून पुन्हा तेच वाक्य निघालं, ‘पास निघू दे.’ तू पिशवी उचललीस, खिडकीवर जाऊन आपलं तिकीट काढलंस आणि गेलीस. त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो होतो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

हे लिहिलं नसतं तर तू येण्याची शक्यता जास्त होती, एवढं मलाही कळतं. तरी लिहिलं.

सोबत एक तिकीट आहे. नागपूर ते चेन्नई, सतरा तारीख, तुझ्या नावाचं, खालची बर्थ. माझी त्याच्या समोरची. चेन्नईहून पुढचंही काढलं आहे, ते माझ्याजवळ आहे. नागपूरपर्यंत तुझ्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलेलं असेल, मी त्याच्याशी गप्पा मारीन. नागपूरला तू चढली नाहीस, तर टीटीई ती बर्थ वेटिंगवाल्याला देईल. नियम आहे, मी भांडणार नाही. मी पुढे जाईन, समुद्र बघून येईन. पण एकट्यानं बघण्यात मला काही गोडी नाही, हे खरं.

प्रियंकाला मध्ये घालू नकोस. फोनही करू नकोस. यायचं नसेल तर तिकीट फाडून टाक, मला परत पाठवू नकोस.

मी डब्याच्या दारातच उभा असेन. इतकी वर्षं मी हिरवा झेंडा दाखवला की गाडी हलायची. सतरा तारखेला झेंडा दुसऱ्याच्या हातात असेल, आणि तो मला ओळखत नाही. थोडी लवकर ये.

तिकीट काढून येणारा,
जनार्दन