कानामागची चकती

४ मार्च
आजही घरात दोघं, आणि शब्द एकही नाही. हिचे कान गेले तशी ही बोलायचीच थांबली. "ऐकू येत नाही तर तोंड कशाला वाजवू?" एवढंच म्हणाली होती. डॉक्टर म्हणतात, आतली नस शाबूत आहे, कानातलं इवलंसं हाड जखडलंय. यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून हिने कपाटात कोंबलं!

५ मार्च
बंद पडलेलं गजराचं घड्याळ खोललं. आत पितळी चकती, टिकलीएवढी पातळ. तिच्यावरचा पांढरा थर वीज दिली की पसरतो, उलटी दिली की आखडतो—डोळ्याला दिसणारही नाही इतका! पण थर पितळेला चिकटलेला, म्हणून चकती वाकते, थरथरते, हवा हलवते. मग हवेऐवजी कवटीचं हाडच हलवून आवाज थेट आतल्या नसेपर्यंत नेला तर? पुढचं दार बंद, तर मागच्या दाराने जावं.

८ मार्च
चकती थेट बॅटरीला जोडली. एकदा "टक्", की मौनव्रत! मीही शहाणाच. वीज एकाच बाजूने देत राहिलो तर चकती एकदा वाकणार आणि तशीच बसणार, रुसल्यासारखी. तिला विजेची सारखी ये-जा हवी.

रेडिओवाल्याकडे गेलो. "आजोबा, नवा स्पीकर घ्या की! हे काय कुंकू घेऊन फिरताय?" हसला मेला, पण जुना माईक आणि आवाज वाढवणारा डबा त्यानेच काढून दिला.

११ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, आईला रविवारी इकडे घेऊन येते. तिथे तुम्ही दोघं दोन भिंतींसारखे बसता." खुणा करून हिला विचारलं. मानेनेच "जाते" म्हणाली.
रात्रीच माईक डब्याला आणि डबा चकतीला जोडायला बसलो.

१३ मार्च
चकती लाकडी पट्टीला चिकटवली, पट्टी हिच्या दातांत दिली. माईकमध्ये घसा फुटेस्तोवर ओरडलो. काही नाही! हिने पट्टी पुसून परत दिली आणि बॅग काढायला गेली.

१४ मार्च
कवळी! अक्कल गहाण टाकली होती मी. खोट्या दातांना कसलं आलंय हाड! ते तर नुसते हिरडीवर टेकलेले.
हिची बॅग भरून दाराशी.

१५ मार्च, रविवार
सकाळी पट्टी हिच्या कानामागे दाबली. माईकमध्ये हळूच म्हटलं, "येतंय का गं ऐकू?" दचकली. पट्टी माझ्या हातून हिसकावून स्वतःच घट्ट धरली. "अहो, किती म्हातारा झालाय तुमचा आवाज!"

लेक कधी दारात येऊन उभी राहिली, कळलंच नाही. पंखा कोणी चालू ठेवला यावरून आम्ही कडाकडा भांडत होतो!