डोकी खाली

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज लेकीच्या शाळेतून परत आल्यापासून मात्र मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून शेवटी लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला हे सांगायची इच्छा नाही.

लेक नववीत आहे. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की तिला अक्षरं दिसेनाशी होतात. परवा मराठीच्या तासाला सरांनी तिला वाचायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी भाकरी करताना तो पाहिला. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे आधीच मोजून तिनं तो पाठ केला होता. धडाधड म्हणते आहे, आणि पुस्तकाचं पान भलतंच उघडलेलं. सर हसतात, "ओ म्याडम, पान तरी बरोबर काढा की!" मग सगळा वर्ग हसतो. व्हिडिओखाली ग्रुपवरच्यांनी टाकलेल्या हसऱ्या तोंडांच्या इमोजींची रांग, त्यात एक माझ्या धाकट्या दिरानं टाकलेलं. शिसारी आली मला. तव्यावरची भाकरी जळाली तरी कळलं नाही.

दिंद्रुडच्या शाळेत मीही असंच परिच्छेद मोजून पाठ करायचे. तुम्ही एकदा ते पकडलंत. आता छडी बसणार म्हणून मी हात पुढे केला, तर तुम्ही हळूच विचारलंत, "पाठ कावून केलंस गं?" मी म्हणाले, "समदे बघतेत, बाई." तुम्ही वर्गावर खेकसलात, "डोकी खाली घाला! डोळे मिटा! ज्याचा डोळा उघडा दिसंल त्यानं उद्या दोन धडे वाचायचे." पटापटा डोकी बाकावर गेली. मागं कुणीतरी घोरायचं सोंग केलं, त्याला तुम्ही खडू फेकून मारलात. मग मी अडखळत वाचलं. त्यानंतर वाचनाच्या तासाला हीच रीत पडली.

आज मी शाळेत गेले, तेव्हा सर चहा पीत होते. "ताई, एवढं मनावर कावून घेता? लाज वाटल्याबिगर लेकरं सुधरत न्हाईत." मी एवढंच म्हणाले, "काढून टाका." त्यांनी माझ्यासमोर तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला आणि हसून म्हणाले, "पण आता समद्यांनी बघितलाय की." मग बशीतला चहा फुर्र करून ओढला. त्या आवाजाची किळस अजून माझ्या कानातून गेलेली नाही. मास्तर दिसले की वाकायची सवय आहे मला. या माणसाला नमस्कार न करताच मी उठले.

घरी लेक म्हणाली, "मी आता शाळेत जाणार न्हाई." मी म्हणाले, "बरं. पुस्तक तेवढं आण." भाकरी थापत होते, हात पिठाचेच होते. मी चुलीपुढं बसून गुडघ्यांवर डोकं टेकवलं. "माझे डोळे मिटलेत. वाच."

"तू झोपशील."

"झोपले तर झोपले."

तिनं पानं चाळली. मग तिनं सुरू केलं. एकेका शब्दावर अडत होती. पुढचा शब्द माझ्या ओठांवर येत होता, पण मी सांगितला नाही. तिनं तो धडा संपवला. उद्या शाळेत जाणार की नाही, हे मी विचारलं नाही.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही वर्गाला डोळे मिटायला लावायचात, तेव्हा स्वतःचे मिटत होतात की नाही, मला कधी कळलं नाही. माझे पुस्तकात असायचे. आज मला मात्र राहवलं नाही, बाई. मधेच एकदा मी बघितलं. तिचं बोट ओळीखाली होतं, आणि पान बरोबर होतं.