मुळासकट जाणाऱ्या सोरायसिसबद्दल आक्काला

प्रिय आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (पत्रातूनच, कारण यायचं-जायचं भाडं या महिन्याच्या हिशेबात बसत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यापासून माझं उघडलेलं तोंड मिटलेलंच नाही. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभ्यानं लिहितेय, कारण बसलं की तो प्रसंग डोळ्यांपुढे येतो.

आमच्या यांच्या हातांवर आणि कोपरांवर सोरायसिसचे चट्टे उठल्यापासून सलूनमधली खुर्ची ओस पडली, हे तुला ठाऊकच आहे. माणूस दाढीला बसतो, गळ्याभोवती कपडा बांधून घेतो, आरशात यांचा हात बघतो आणि त्याला एकदम आठवतं की घरी गॅस चालू राहिलाय. (एवढ्या लोकांचे गॅस खरोखर चालू राहिले असते तर गाव केव्हाच जळून गेलं असतं.) इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि बजावलं की हा आजार कुणाला लागत नाही, पण मुळासकट जातही नाही, ताब्यात ठेवावा लागतो. मला काही पटलं नाही. मी मॅट्रिक झालेली बाई. जे ताब्यात ठेवता येतं ते घालवता का येऊ नये? तेवढ्यात तुझं पत्र आलं, की जडीबुटीवाले एक वैद्यबुवा आहेत, ते सोरायसिस मुळासकट उपटतात. झालं. मी मलम वरच्या फळीवर ठेवलं आणि यांना घेऊन निघाले.

वैद्यबुवा म्हणजे भारदस्त माणूस. भर उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या, कानांपर्यंत लोकरीची टोपी, मागे मानेवर रुळणारे केस. मला वाटलं, तपश्चर्या असणार. (माझ्यासारख्या देवभोळीला उकाड्यात लोकर घातलेला कुणीही साधूच वाटतो.) त्यांनी तेलात खललेला हिरवा लेप, कडू पाल्याचा काढा आणि बिनमिठाचं जेवण सांगितलं. लेपानं उशा हिरव्या झाल्या, चादरी हिरव्या झाल्या, आणि हे घरात कुठे कुठे टेकले होते ते भिंतीवर वाचता यायला लागलं. पण खवले मऊ पडून गळायला लागले गं! मी देवापुढे बसून रडले. शेजारच्या शिक्षिकाबाईंना बोलावून कोपर दाखवलं. हे म्हणाले, “अगं, कोपर आहे ते, नवा पंखा नाही.”

आणि मग चट्टे दुपटीनं उठले. कानांमागे, हातांच्या पाठीवर, सगळीकडे. दुकानात चिटपाखरू फिरकेना. जागेच्या मालकानं “सोडताय का जागा?” म्हणून गोड आवाजात विचारून घेतलं. मी यांना घेऊन तरातरा वैद्यबुवांकडे.

ते म्हणाले, “रोग बाहेर पडतोय, ताई.”

मी म्हटलं, “बाहेर पडून जातोय कुठे? आमच्याच घरात तर फिरतोय!”

जालीम भुकटी काढतो म्हणून त्यांनी वरच्या बरणीकडे हात लांबवला आणि बाही घसरली. आक्का, तेच कोपर! यांचंच काढून त्यांना बसवलंय की काय असं वाटावं, इतकं तेच. तेच चंदेरी खवले. मी किंचाळले, ते दचकले, बरणी सावरताना टोपी पडली, आणि टाळूवरही तेच! मला भिंतीला टेकावं लागलं. (तिथली भिंतही हिरवीच होती. आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.)

“स्वतःचा उपटता येत नाही, आणि लोकांचा कसला उपटता?” मी विचारलं.

त्यांनी पडलेली टोपी उचलून हातात घेतली. म्हणाले, “तरुणपणापासून आहे. स्वतःसाठीच औषध शोधत होतो. मधेच आपोआप कमी व्हायचं, मला वाटायचं सापडलं. तोवर लोक यायला लागले. मग सापडलं नव्हतं, हे सांगायचं राहूनच गेलं.”

राहूनच गेलं! मी आवाज चढवणार, तोच आमचे हे भलतंच विचारतात, “केस कुठे कापता हो तुम्ही?”

“कुठेच नाही. एकाकडे गेलो होतो. मी टोपी काढली, त्यानं दुकान बंद केलं.”

लोक खिशात पेन ठेवतात तशी हे कात्री-फणी ठेवतात. त्यांनी वैद्यबुवांना बाकावर बसवलं, काढा गाळायचं फडकं गळ्याभोवती बांधलं आणि कापायला सुरुवात केली. वैद्यबुवा फडक्यातच डोळे पुसत होते. मी तिथे उभी, भांडण तोंडातल्या तोंडात.

मलम पुन्हा सुरू केलंय. डॉक्टरीणबाईंनी मला उभं-आडवं झापलं. सुरुवातीला खवले गळाले ते तेलानं मऊ पडून, मुळातून नव्हे. सगळा पाला निकामी असतो असं नाही, पण आधी मला विचारा, आणि मलम मनानं बंद करू नका, म्हणाल्या. चट्टे आता ओसरतायत.

पण खरा धक्का पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर टोप्या आणि रुमाल गुंडाळलेली माणसं उभी! वैद्यबुवांनी आपले रोगी धाडले होते. कुठल्याच सलूनमध्ये त्यांना घेत नव्हते म्हणे. यांचे हात बघून बाकीचे पळतात, ही माणसं हात बघून निवांत मागे टेकतात. काल तर बाकडं पुरेना. मालकाला भाडं हातावर ठेवलं, आता तो जागेचं नाव काढत नाही. तेव्हा औषधाला गुण आला म्हणायचा, फक्त कोपराऐवजी खुर्चीला.

तुझीच,
अवाक झालेली धाकटी

ता. क. उरलेला काढा फेकवेना, म्हणून तुंबलेल्या मोरीत ओतला. मोरी मोकळी झाली. उगाच कुणाच्या औषधाला नावं ठेवू नयेत.

आणखी ता. क. केस कापून घेताना वैद्यबुवांनी सहज विचारलं, “तुमच्या आक्कांचे यजमान टाळूला लेप लावतात ना अजून?” मला घेरीच आली. सख्ख्या बहिणीपासून लपवलंस! घरी आल्यावर यांच्यापाशी बोलले, तर हे शांतपणे म्हणतात, “मला कधीचं माहीत आहे. भावोजींची मान बघ, घरची कात्री आहे ती.” तेव्हा दुकान बंद असतं त्या वारी भावोजींना घेऊन ये, दुसरं कुणी नसेल. डॉक्टरीणबाईंनाही दाखवू. आणि हात जोडते, तोपर्यंत त्यांच्या केसांना तू हात लावू नकोस. चट्ट्यांचं यांना काही वाटत नाही, पण तो मागचा काप यांना बघवत नाही.